सजदा पायांपासून शिका

दर रविवारी फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) वडोदऱ्यातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, चार-सहा जण नमाज शिकायला येतात. कोणी नोकरीसाठी कोकणातून आलेला, कोणी मराठवाड्यातला, कोणी इथलाच, पण घरात मराठी बोलणारा. मदरशात यांच्यापैकी कोणी गेलेलं नाही. आमचे आजोबा गायकवाड सरकारच्या रेल्वेत नोकरी लागली म्हणून रत्नागिरीकडून इथे आले आणि घरातली भाषा तेव्हापासून मराठीच राहिली. त्यामुळे समजावणंही मराठीतच होतं.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न सजद्याबद्दल, म्हणजे नमाजमध्ये जमिनीवर कपाळ टेकवण्याबद्दल, ठरलेला असतो. "चाचा, सजद्यात हात नेमके कुठे ठेवायचे?"

मी म्हणतो, "हातांचं मग बघू. आधी पाय दाखव."

हे मी उगाच करत नाही. पंचविशी उलटेपर्यंत माझा स्वतःचा सजदा चुकत होता. कपाळ टेकायचं, तळवे टेकायचे, आणि मागे दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर तरंगत असायचे. मला ते दिसणार कसं? मांडवीकडे जाताना लागणाऱ्या एका छोट्या मशिदीत माझ्या मागच्या सफेतल्या (रांगेतल्या) एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते दिसलं. सगळ्यांसमोर ते काही बोलले नाहीत. नमाज संपवणारा सलाम फिरल्यावर चपला ठेवतात तिथे माझी वाट बघत थांबले, भिंतीला हात लावून तिथल्या तिथे एक पाय मागे घेतला, बोटं दुमडून टेकवून दाखवली आणि म्हणाले, "बेटा, हे पण सजदा करतात." तेव्हापासून मी कोणालाही शिकवताना पायांपासून सुरुवात करतो.

सजदा सात हाडांवर असतो. पैगंबरांचे साथी इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) पैगंबर (सल्ल.) यांनी ते मोजून सांगितलंय: कपाळ (हे सांगताना त्यांनी हातानं नाकाकडे इशारा केला), दोन हात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांच्या पंजांची टोकं. त्याच हदीसमध्ये पुढे असंही आहे की कपडे आणि केस गोळा करून धरू नयेत. सात ठिकाणं मोजायला सोपी आहेत, पण नवीन माणूस साधारण साडेचारांवर थांबतो. पाय विसरतो आणि नाक अर्धवट टेकवतो.

उभं राहण्याआधी

वडोदऱ्यातून किब्ला, म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा, जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, किंचित उत्तरेकडे झुकलेला. घरी मुसल्ला (नमाजची चटई) अंथरताना संध्याकाळी सूर्य कुठे मावळतो ते लक्षात ठेवा, एवढ्यावर काम भागतं.

वुजू करताना (नमाजआधी हात-पाय-तोंड धुताना) बाह्या वर सारता, तशाच राहिल्या तर खाली करा. वरची हदीस याचसाठी सांगितली. शर्ट आखूड असेल तर सजद्यात तो वर सरकतो आणि कंबर उघडी पडते. पुरुषाला बेंबीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणं नमाजमध्ये फर्ज (बंधनकारक) आहे, म्हणून लांब शर्ट किंवा कुर्ता घाला, नाहीतर आत बनियन खोचून घ्या. वरच्या खिशातला मोबाइल आणि पेन काढून बाजूला ठेवा, पहिल्याच सजद्यात ते बाहेर पडतात. चष्मा काढा. फ्रेम जमिनीला अडते, नाक वरच राहतं आणि चष्मा लावणाऱ्याला ते कळतही नाही. टोपी कपाळाच्या वर सरकवून घ्या. शाफई मसलकात (मसलक म्हणजे धर्मविधी सांगणारी परंपरा; हनफी ही दुसरी) कपाळाची कातडी थेट जमिनीला किंवा मुसल्ल्याला लागणं गरजेचं आहे. हनफींकडे कपाळावर कापड असलं तरी सजदा होतो, पण विनाकारण तसं करणं त्यांनाही पसंत नाही. टोपी वर सरकवली की दोन्हीकडचं भागतं.

मसलकांचा उल्लेख आत्ताच करून टाकतो. आम्ही कोकणी माणसं शाफई, आणि गुजरातमधल्या बहुतेक मशिदी हनफी. त्यामुळे शेजाऱ्याचे हात तुमच्यापेक्षा वेगळ्या जागी दिसले तर त्याला चुकीचा समजू नका. कुठे कुठे फरक आहे ते त्या त्या जागी सांगेन. तुमच्या घरात जे चालत आलंय ते नीट शिका. आज हे आणि उद्या ते, अशी सरमिसळ केली की नवशिक्याचं काहीच पक्कं होत नाही.

खाली जाणं

रुकूतून (कमरेत वाकण्यातून) उठून सरळ उभे राहा. पाठीचा कणा सरळ होऊ द्या. याला कौमा म्हणतात आणि घाईत सगळ्यात आधी याचाच बळी जातो. मग "अल्लाहु अकबर" म्हणत खाली जा.

आधी गुडघे की आधी हात? हनफी, शाफई आणि हंबली गुडघे आधी टेकवतात, मग हात, मग कपाळ. मालिकी आणि अहले हदीस (मसलक न धरता थेट हदीसवर चालणारे) हात आधी टेकवतात. दोन्ही बाजूंकडे हदीस आहेत. ज्याचे गुडघे दुखतात त्यानं हातांचा आधार घेऊन खाली जावं, कोणी अडवत नाही. गुडघे टेकवताना धप्पकन आदळू नका. मांड्यांवर ताबा ठेवत उतरा. फरशीवरचा तो आवाज ऐकला की मला पुढच्या वीस वर्षांतली गुडघेदुखी ऐकू येते.

जमातीत, म्हणजे सगळे मिळून इमामाच्या मागे नमाज पढत असाल तर इमामाच्या आधी खाली जाऊ नका. बरा बिन आजिब (रजि.) सांगतात की पैगंबर (सल्ल.) कपाळ जमिनीवर ठेवेपर्यंत त्यांच्यापैकी कोणी पाठसुद्धा वाकवत नसे. तकबीरचा ("अल्लाहु अकबर"चा) आवाज आला की लगेच झेपावायचं, ही सवय नव्यानं शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात लागते आणि मग सुटत नाही.

पाय

गुडघे टेकले की लगेच पायांकडे लक्ष द्या. पंजे उभे करा, टाचा वर, आणि बोटं दुमडून त्यांची टोकं किब्ल्याच्या दिशेनं वळवा. अबू हुमैद (रजि.) यांनी पैगंबरांच्या नमाजचं जे वर्णन केलंय त्यात पायांच्या बोटांचा रोख किब्ल्याकडे असल्याचं स्पष्ट आहे. म्हणजे नखं जमिनीवर घासायची नाहीत, बोटांच्या खालच्या गाद्या जमिनीवर दाबायच्या. अंगठा सहज वळतो. करंगळी कोणाचीच पूर्ण वळत नाही, तिच्यासाठी जीव काढू नका.

सजदाभर दोन्ही पाय हवेत राहिले तर सजदाच होत नाही, असं हनफी उलमा (धर्मपंडित) सांगतात. शाफईंकडे तर सातही ठिकाणांचा काही ना काही भाग टेकलाच पाहिजे. एका पायावर दुसरा पाय चढवून ठेवण्याची सवय अनेकांना असते, तीही मोडा.

यामागे शरीराचा सरळ हिशेब आहे. लहानपणी मी दांडिया बाजाराच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचो. प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या मुसलमान उस्तादाचं, जुम्मादादांचं, नाव दिलेला तो आखाडा. दंड मारायला शिकवताना आमचे वस्ताद हातांकडे आधी बघतच नसत. ते आमच्या मागे जाऊन उभे राहत. म्हणत, "पंजा रोव, मग कंबर हलव." पंजा रोवला नसला की अंग मागे घसरतं, मग पाठ वाकते, मग कोपर कोसळतं. सजद्यातही अगदी हेच होतं. पाय सुटले की अंगाचं वजन मागे ओघळतं, पोट मांड्यांवर बसतं, आणि हातांवर भार नीट येत नाही म्हणून कोपरं जमिनीवर पडतात. माणसाला वाटतं, आपले हात चुकताहेत. मुळात सुटलेले असतात पाय.

बोटं दुमडताना सुरुवातीला दुखतात. ऑफिसमध्ये दिवसभर बूट घालणाऱ्यांची तर फारच. रोज रात्री गादीवर गुडघ्यांवर बसा, बोटं दुमडा आणि हळूहळू टाचांवर वजन टाका. अर्धा मिनिट पुरे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. मधुमेहामुळे पायांना जखमा असतील किंवा बोटाचं हाड मोडलेलं असेल, तर जेवढं टेकतं तेवढंच टेकवा.

तळवे आणि कोपरं

आता हात. तळवे पूर्ण टेकवा, नुसती बोटांची टोकं नाही आणि मूठही नाही. बोटं एकमेकांना जुळलेली आणि किब्ल्याकडे सरळ. मी एक खूण सांगतो: रुकूत बोटं फाकलेली, सजद्यात मिटलेली. गुडघा पकडायचा असतो तेव्हा उघडी, जमिनीवर ठेवायची असतात तेव्हा बंद. अंगठाही बाजूला पळू देऊ नका, तर्जनीला लावून ठेवा.

तळवे कुठे ठेवायचे, याचे दोन प्रघात आहेत. वाइल बिन हुज्र (रजि.) यांनी पैगंबरांना दोन तळव्यांच्या मध्ये डोकं ठेवून सजदा करताना पाहिलं. हनफी तसंच करतात, तळवे कानांच्या रेषेत. अबू हुमैद यांच्या वर्णनात तळवे खांद्यांच्या रेषेत आहेत, ते शाफईंचं. या दोन जागांत जेमतेम वीतभराचं अंतर पडतं. तळवे छातीखाली किंवा पोटापाशी ठेवणं मात्र दोन्हीकडे बसत नाही, आणि नवीन माणसं नेमकी तीच चूक करतात, कारण गुडघ्यांजवळ हात ठेवणं सोपं वाटतं.

कोपरं उचललेली. "सजदा कराल तेव्हा तळवे ठेवा आणि कोपरं वर उचला," असं पैगंबरांनी बरा यांना सांगितलं. अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये तर हात कुत्र्यासारखे पसरू नका, असे स्पष्ट शब्द आहेत. कुत्रा बसतो तेव्हा त्याचे पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीवर लांब पडलेले असतात, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. शिवाय कोपरं फासळ्यांपासून दूर हवीत. पैगंबर सजद्यात हात इतके मोकळे ठेवत की काखेचा गोरेपणा दिसे, आणि मैमूना (रजि.) सांगतात की कोकरू खालून जायचं म्हटलं तरी जाऊ शकलं असतं. एकटे नमाज पढत असाल तेव्हा कोपरं अशीच उघडा. सफेत मात्र शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसायचं नाही. तिथे जेवढी जागा आहे तेवढंच उघडा, कोपरं जमिनीवरून उचललेली असली की पुरे.

मनगट दुखतं, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा सगळं वजन तळव्याच्या मागच्या भागावर, मनगटाजवळच्या हाडावर टाकलेलं असतं. तेच वजन बोटांच्या मुळांकडे थोडं सरकवा. तळवा जमिनीला चिकटलाय असं वाटलं पाहिजे.

बायकांबद्दल. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत बायकांनी अंग सावरून सजदा करावा असं शिकवतात: पोट मांड्यांना लागलेलं, कोपरं बाजूला उघडलेली नाहीत तर कुशीला धरलेली. हनफी घरांत तर हातही कोपरापर्यंत जमिनीवर टेकवतात. माझी बायको गुजराती हनफी घरातली, तिला तिच्या आईनं असंच शिकवलं. अहले हदीस बायका-पुरुषांचा सजदा एकच मानतात. मुलींना शिकवताना हे काम आम्ही घरी बायकोकडेच देतो, आणि तेच बरं आहे.

कपाळ, नाक आणि मधला भाग

कपाळासोबत नाकाचं हाडही टेकलं पाहिजे, नुसता शेंडा नाही. हनुवटी छातीकडे ओढू नका, तसं केलं तर कपाळाऐवजी डोक्याची टाळू टेकते. मान मोकळी ठेवा. डोळे उघडे.

मांड्या जवळजवळ सरळ उभ्या, पोट मांड्यांपासून सुटलेलं, कंबर डोक्यापेक्षा वर. फार पुढे गेलात तर माणूस झोपल्यासारखा लांब होतो. फार जवळ राहिलात तर गाठोडं होतं. अनस यांच्या त्याच हदीसमध्ये सजद्यात मध्यम राहा, असं सांगितलंय, आणि तो मध्य प्रत्येकाच्या उंचीनुसार वेगळा असतो.

तो कसा शोधायचा? आमच्या घरी कोटा स्टोनची फरशी आहे. वुजू करून आल्यावर हात-पाय न पुसता, मुसल्ल्याशिवाय, मी मुलांना फरशीवर एक सजदा करायला लावतो आणि मग उठून मागे सरकायला सांगतो. करड्या फरशीवर ओले ठसे राहतात. दोन तळवे, मागे बोटांच्या गाद्यांचे लहान लहान गोल ठिपके, पुढे कपाळाचा एक डाग आणि त्याखाली नाकाचा पुसट ठिपका. कपाळाचा डाग तळव्यांच्या मध्ये आहे का? हातांच्या बोटांचे ठसे एकमेकांना जुळलेले आहेत की फाकलेले? कोपरापर्यंत लांब ओला पट्टा उमटलाय का? पायांच्या जागी काहीच नाही? गेल्या महिन्यात एका पोराच्या डाव्या पायाचा ठसाच नव्हता. त्यानं फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न सांगता परत वुजू करायला गेला. उन्हाळ्यात इथे ठसे दोन मिनिटांत वाळतात, तेव्हा लगेच बघा. ज्यांच्या घरी पांढरी टाइल आहे त्यांनी दिवा बाजूनं पडेल असं उभं राहून पाहावं.

जाड गालिचा किंवा फोमच्या गादीवर सजदा करत असाल तर कपाळ इतकं दाबा की आणखी खाली जाणार नाही. नुसतं मऊपणावर टेकवून ठेवलेलं कपाळ म्हणजे सजदा नाही.

थांबणं

जागा सगळ्या बरोबर झाल्या आणि तुम्ही चोच मारून उठलात, तर केलेली सगळी मेहनत गेली. एक माणूस मशिदीत आला, घाईघाईनं नमाज पढला आणि पैगंबरांना सलाम करायला आला. त्यांनी सलामाचं उत्तर दिलं आणि म्हणाले, "परत जा, नमाज पढ, तू नमाज पढलाच नाहीस." असं तीन वेळा झालं. मग त्या माणसानं शिकवण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी एकेक टप्पा सांगितला आणि प्रत्येक टप्प्यावर अंग स्थिर होईपर्यंत थांबायला सांगितलं. ही हदीस मी दर रविवारी सांगतो, कारण दर रविवारी कोणीतरी घाईत असतं.

"सुब्हान रब्बियल आला" किमान तीन वेळा म्हणा. रुकूत "अजीम", सजद्यात "आला", म्हणजे सर्वांत उंच. सर्वांत उंच असलेल्याचं नाव आपण सर्वांत खाली असताना घ्यायचं, असं मी मुलांना सांगतो, मग त्यांची गफलत होत नाही. एक तस्बीह पूर्ण संपू द्या, श्वास घ्या, मग दुसरी. सजद्यात कुरआनची तिलावत (पठण) करायची नसते. दुआ मात्र मागा. बंदा आपल्या रबच्या सर्वांत जवळ सजद्यात असतो, असं हदीसमध्ये आहे. हनफी उलमांच्या मते फर्ज नमाजमध्ये दुआ अरबीतच ठेवावी. नमाजाबाहेर हात उचलून मराठीत हवं ते मागा.

दिवसाच्या फक्त फर्ज रकाती (रकात म्हणजे नमाजची एक फेरी, तिच्यात दोन सजदे) मोजल्या तरी 17 होतात, म्हणजे 34 सजदे. एकेका सजद्याला तीन श्वास दिले तरी फार वेळ जात नाही.

दोन सजद्यांच्या मध्ये, आणि उठणं

तकबीर म्हणत आधी कपाळ उचला, मग हात. डावा पाय आडवा पसरून त्यावर बसा, उजवा पंजा उभा आणि बोटं किब्ल्याकडेच. सजद्यात बोटं नीट दुमडलेली असली तर उजवा पाय हलवावाच लागत नाही, नुसतं मागे बसायचं. तळवे मांड्यांवर, गुडघ्यांजवळ. पाठ सरळ होऊ द्या, "रब्बिगफिर ली" म्हणा, मग दुसरा सजदा पहिल्यासारखाच.

दुसऱ्या सजद्यानंतर हनफी हात गुडघ्यांवर ठेवून सरळ उभे राहतात. शाफई क्षणभर बसतात आणि हात जमिनीला टेकवून उठतात. ज्याच्या गुडघ्यांत ताकद कमी, त्यानं हात टेकवून उठावं.

ज्यांना सजदा जमत नाही

मूळव्याधीनं त्रासलेल्या इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना पैगंबरांनी सांगितलं: उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर. माझ्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी खुर्चीवर नमाज सुरू केला तेव्हा महिनाभर त्यांना आपला नमाज अपुरा वाटायचा. तो अपुरा नव्हता. जो खरंच वाकू शकत नाही त्यानं इशाऱ्यानं रुकू आणि सजदा करावा, सजद्याला रुकूपेक्षा डोकं अधिक खाली न्यावं, एवढंच. उशी किंवा फळी उचलून कपाळाला लावायची गरज नाही. मात्र जो जमिनीवर सजदा करू शकतो त्यानं केवळ सोय म्हणून खुर्ची घेऊ नये. मोतीबिंदूच्या किंवा डोळ्यांच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर डोकं खाली न्यायला डॉक्टर काही दिवस मना करतात. ते दिवस इशाऱ्यावर काढा, आणि परत जमिनीवर कधी यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.